एका टोकाचं नातं

तुमच्या आईला मुलं किती झाली?

तुम्ही भावंडं किती आहात, हे मी विचारत नाही. ते रेशनकार्डावर असतं. मी तुमच्या आईबद्दल विचारते आहे. उत्तर चटकन तोंडावर आलं असेल, तर सांगा: ते तिला विचारून आलं, की घरात जेवढी ताटं मांडली जातात तेवढी मोजून?

मी ताटं मोजली होती. नोकरीला लागून वर्ष उलटलं तरी मला ठाम माहीत होतं की आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, ती धाकटी. विषय संपला.

आमचं घर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत. बाबा छापखान्यात मशीनवर. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी. उरलेल्या कागदावर, मालकाला सांगून, स्वतःची पत्रकं. हुंड्याविरुद्ध, भगतांविरुद्ध, अंगाऱ्याविरुद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. बाबांच्या मते तेवढ्याने भागलं नव्हतं, माणसांच्या दंडावरचे दोरे अजून शिल्लक होते. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. 'ताईत तोडा, दवाखाना गाठा' हे मी वाचलेलं पहिलं सबंध वाक्य. दीक्षेच्या सोहळ्याला गावोगावचे लोक येत तेव्हा आम्ही फुटपाथवर चादर अंथरून बसायचो आणि धाकटी गर्दीत पत्रकं वाटत फिरायची. शब्दांनी जग बदलतं यावर माझा विश्वास तेव्हा बसला. तो अजून आहे, पण आता मी शब्दांना आधी विचारते की तुम्ही काय गाळलं.

आमच्या घरात दर पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे आई मेणबत्त्या लावायची. तीन. पाहुणे विचारत नसत, त्यांना वाटे बुद्ध, धम्म आणि संघ. बाबाही तसंच सांगायचे. मी मात्र एकदा आईला विचारलं होतं, "तीन काहून वं?"

"एक हवेसाठी," ती म्हणाली. "हवा आली का एक विझते. दोन तरी राह्यल्या पाहिजे."

मला ते पटलं. आमच्या घरी हिशेबाला धरून असलेल्या उत्तराला फार मान होता.

शिकून मी सॉफ्टवेअरच्या एका लहानशा कंपनीत लागले. आमच्याकडे काम आलं सिकलसेलचं. विदर्भात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, अंग पिवळं पडतं. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तरच मूल आजारी निघतं, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, त्यामुळे त्याला ठाऊकच नसतं. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हाती एक टॅब्लेट द्यायचा, त्यांनी घरातल्या माणसांची माहिती भरायची, आणि कोणत्या घरातल्या कोणाची तपासणी आधी करायची ते आमच्या प्रोग्रॅमने सांगायचं, असं ते काम होतं.

त्यासाठी आधी संज्ञांची जाळी बांधावी लागते. 'सिकलसेल' हा 'रक्ताच्या आजारा'चा प्रकार आहे. 'बोटं सुजणं' हे 'सिकलसेल'चं लक्षण आहे. 'आई'ने 'मुला'ला जन्म दिला आहे. यातली प्रत्येक संज्ञा प्रोग्रॅममध्ये एक ऑब्जेक्ट असते, म्हणजे स्वतःची माहिती स्वतःच्या पोटात बाळगणारी वस्तू. तिथपर्यंत भांडण नाही. भांडण आहे ते मधल्या शब्दांवरून: 'चा प्रकार आहे', 'चं लक्षण आहे', 'ने जन्म दिला'. ही नाती ठेवायची कुठे?

आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांचं उत्तर तयार होतं. नातं म्हणजे ऑब्जेक्टच्या पोटातला एक खण. मुलाच्या खणात आईचा पत्ता टाकला की झालं.

"नातं म्हणजे काय, बाण," ते फळ्यावर रेघ ओढत म्हणाले. "इकडून तिकडे. बाणाले काय पोट असते का?"

मी म्हटलं, असतं. नात्याचाच वेगळा ऑब्जेक्ट करू. त्याला दोन टोकं असतील, आणि त्याच्या पोटात असेल की हे नातं कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, किती खात्रीने सांगितलं.

"म्हणजे एका रेघेसाठी एवढा कारभार?"

"पत्रक काढलं तरी खाली प्रकाशकाचं नाव लागतं, सर."

"आली पत्रकावर," सर इतरांकडे पाहून म्हणाले. "हे पोट्टी एक दिवस एरर मेसेजमध्येही घोषणा टाकते."

सगळे हसले, मीही हसले, आणि खण ठरला. तो ठरण्यामागे आणखी एक भानगड होती. जुन्या आराखड्यात जात हीच एक वरची संज्ञा होती, आणि तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येकाकडे धोका वारशाने आपोआप उतरत होता. त्याविरुद्ध मी जिवाच्या आकांताने भांडले. अमुक जातीत जन्मला म्हणून तपासा, हे मी माझ्या हाताने लिहिणार नाही, म्हटलं. धोका आईबापांकडून येतो, तेव्हा आईबापांची नाती विचारा. सरांनी ते मान्य केलं. त्या विजयाच्या धुंदीत खणावर मी पुन्हा बोलले नाही.

पण त्या कामातला एक नियम मला फार आवडला होता. संज्ञांच्या जाळीत एखादी संज्ञा चुकीची ठरली, जुनी झाली, तरी ती पुसत नाहीत. तिच्यावर 'वापरात नाही' अशी खूण करतात. तिचा क्रमांक तिच्याकडेच राहतो आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्या कोणाला देत नाहीत. कारण कुठेतरी, कोणीतरी, जुन्या क्रमांकाने तिला हाक मारत असू शकतं.

माणसांसाठी मात्र आम्ही हा नियम लावला नव्हता. माणसाची नोंद अर्धवट असली, नावही नाही आणि तपासणीही नाही, तर दर सोमवारी सकाळी चालणारी सफाई ती काढून टाकायची. नोंद गेली की तिच्या पोटातली नातीही जायची.

एका रविवारी मी टॅब्लेट घरी आणला. आरोग्यसेविकांच्या आधी प्रश्न आपल्या आईवर चालवून पाहावेत, एवढाच विचार. दुपार होती, कूलरपुढे आई भाजी निवडत बसली होती. धाकटीला तिसरा महिना लागला होता. बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं होतं, तिकडेच एका खासगी दवाखान्यात ती दाखवत होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी कोणाला सिकलसेल आहे का? ती नाही म्हणाली होती. मग ती तपासणी झालीच नव्हती. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरी खरंच कोणाला नव्हता.

"तुझ्यापासून सुरुवात करू," मी आईला म्हटलं. "मी तुझं कितवं मूल?"

"दुसरं," आई म्हणाली. मेथीची काडी मोडून तिने पुढची उचलली.

मी पडद्यावर २ हा आकडा दाबला तेव्हा मला कळलं की मी काय दाबलं आहे.

"आई?"

तिचे हात थांबले होते. "पहिलं," ती म्हणाली. "पहिलं लिही. उन्हानं डोकं फिरून राह्यलं माझं."

मी आकडा बदलला नाही. पुढचे प्रश्न विचारत गेले, ती उत्तरं देत गेली, दोघींपैकी कोणीच वर पाहिलं नाही. शेवटी पडद्यावर लाल ओळ आली: क्रम १ सापडत नाही. खाली धाकटीच्या नावापुढे हिरवा ठिपका: धोका आढळला नाही.

सोमवारी ऑफिसात पोचले तोवर सफाई चालून गेली होती. लाल ओळ नव्हती. प्रोग्रॅमने २ चं १ केलं होतं, ३ चं २. मी मोठी, ती धाकटी. हिरवा ठिपका तसाच होता.

मी सरांना बोलावून दाखवलं.

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "पहिला नंबर कोणाचा होता? कोणाचाच नाही. एका टोकाले तुझी आई आहे, दुसऱ्या टोकाले कोण? एका टोकाचं नातं नसते. कचरा होता, साफ झाला."

"आणि कोणी असेल तर?"

ते हसायला तोंड उघडत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी ते मिटलं.

मी दुपारची सुट्टी घेऊन घरी गेले. रस्ताभर मला तो क्रमांक दिसत होता. एवढ्या वर्षांत शाळेच्या दाखल्यात, रेशनकार्डावर, शेजाऱ्यांत मी पहिली होते. फक्त आईच्या डोक्यात मी दुसरी होते. तिने ती जागा मला दिली नव्हती. जो नियम मी ऑफिसात शिकून आल्याचा तोरा मिरवत होते, तो ती माझ्या जन्मापासून पाळत होती.

आई ओट्यापाशी होती. मी विचारलं, "हवेसाठी लावते ती मेणबत्ती कोणाची?"

ती नळ बंद करून खाली बसली.

"पोरगा होता," ती म्हणाली. "तुझ्या आधी."

त्याला चालता यायला लागलं होतं आणि मग तो चालेना. हातापायाची बोटं सुजायची. उचललं की ओरडायचा. दवाखान्यात ताप म्हणून औषध दिलं, सांधे म्हणून औषध दिलं. बाबा तेव्हा पत्रकं घेऊन गावोगाव फिरत होते. शेजारणीने एका भगताचा पत्ता दिला. आई गेली. त्याने पोराच्या मनगटाला ताईत बांधला.

"तुझ्या बापाले सांगतलं नाही. फुल बाह्याचा शर्ट घालून ठेवत जाय त्याले. गर्मीत. फुल बाह्याचा." तिने स्वतःचं मनगट धरलं होतं. "गेला तवा शर्ट काढला ना. तवा दिसला सगळ्यायले."

'ताईत तोडा, दवाखाना गाठा.' ज्या माणसाने हे छापलं, त्याचा मुलगा ताईत बांधून गेला होता. तिथल्या वस्तीत चार लोक हसले असतील, आणि चारांपेक्षा जास्त हसले असं बाबांना वाटलं असेल. त्यांनी आईला एवढंच सांगितलं होतं, हे पुन्हा काढायचं नाही. ना मुलाचं, ना ताईताचं. दोन्ही एकाच गाठीत बांधलं गेलं. त्याचं एक झबलंही घरात राहिलं नाही. माझ्या जन्माच्या आधी दोघं ती खोली सोडून या वस्तीत आले, इथे सांगणारं कोणीच नव्हतं.

"बोटं सुजायची?" मी विचारलं. "आई, नक्की बोटंच?"

उत्तर दारातून आलं. बाबा कधी आले ते आम्हा दोघींना कळलं नव्हतं. चपलाही काढल्या नव्हत्या.

"बोटंच," ते म्हणाले. "सिकलसेलचं पत्रक आलं होतं छपाईले. सरकारी काम. त्याच्यात लिहून होतं, लहान लेकराच्या हातापायाची बोटं सुजतात. मी मशीन बंद केली."

"मग?"

"मंग सुरू केली. ऑर्डर होती."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांना त्यांचीच वाक्यं फेकून मारली, जी मला वयाच्या सहाव्या वर्षापासून पाठ होती. ते ऐकत उभे राहिले. शेवटी मी म्हटलं, "धाकटीच्या लग्नाआधी तरी सांगायचं ना गा, बाबा!"

"त्याचं सांगतलं असतं तर ताईताचं सांगा लागलं असतं."

"तर?"

"तर तुह्या मायले लोकायनं काय म्हटलं असतं?"

आईने मान वर केली. "माहं नाव नको घेऊ," ती म्हणाली. बाबांशी तिला एकेरीत बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मी तर रोज त्याचं नाव घेत होती. भीती तुले होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुटीबोरीच्या बसमध्ये होते. धाकटीच्या दोन खोल्या, बाहेर दोरीवर कारखान्याचा निळा शर्ट वाळत घातलेला. तिचा नवरा, आमच्या घरचा जावई, रात्रपाळी करून नुकताच आला होता. मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी दारातच सांडली. जे होतं ते सांगितलं. आम्हाला एक भाऊ होता. त्याला बहुतेक सिकलसेल होता. तसं असेल तर आई-बाबा दोघे वाहक, आणि आपण दोघीही असू शकतो.

धाकटी हसली. "लहानपणी मले गर्दीत पत्रकं वाटाले लावत जाय. आता थेट रक्तच मागून राह्यली का वं?" आणि मग हसू अर्ध्यावर सोडून तिने विचारलं, "दिसाले कसा होता?"

मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"मी डॉक्टरले नाही म्हणून सांगतलं," ती म्हणाली. "ताई, मी खोटं नाही बोलली. मले खरंच—"

"तू वाहक निघाली तरी ह्यांची तपासणी नीट आली तर बाळाला आजार होत नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही दोघंही वाहक निघालात, तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. पण ती आत्ताच. उशीर झाला तर नाही."

जावई दाराला टेकून ऐकत होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मी तीच भीती पाहिली जी बाबांच्या चेहऱ्यावर होती: आता हा काय म्हणेल?

"सुई आहे, बंदूक थोडी आहे," तो म्हणाला. "चल. आंघोळ करून येतो."

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी खण मोडले.

सरांनी अडवलं नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मी काय लिहिते ते वाचत राहिले. नातं आता स्वतःचा ऑब्जेक्ट आहे. त्याचं एक टोक रिकामं असू शकतं. त्याच्या पोटात लिहिलेलं असतं की हे कोणी सांगितलं: रिपोर्टने, कागदाने, की आईने. आईने सांगितलेल्याला रिपोर्टइतकं वजन नाही, पण ते शून्यही नाही. सफाईला त्याला हात लावता येत नाही. फार तर 'वापरात नाही' अशी खूण करता येते, आणि क्रम दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

"आरोग्यसेविका हे भरन कसं?" सरांनी विचारलं. "बाई सांगन का?"

"'मुलं किती आहेत' असं विचारलं तर नाही सांगणार. 'किती झाली' असं विचारायचं. आणि मग गप्प बसायचं."

"गप्प बसायचं हे कोडमध्ये कुठं लिहू?" ते म्हणाले. थट्टेने नाही.

मी आमच्या घराची माहिती पुन्हा भरली. आईपासून एक रेघ निघाली आणि एका करड्या चौकोनापाशी थांबली. त्यात नाव नव्हतं, तपासणी नव्हती, एकच लक्षण होतं: बोटं सुजणं. रेघेच्या पोटात एवढंच: आईने सांगितलं. एन्टर दाबल्यावर धाकटीचा हिरवा ठिपका पिवळा झाला. माझाही झाला. जो मुलगा माझ्या जन्माआधी गेला, ज्याचा फोटो नाही, झबलं नाही, त्याने कुठूनतरी हात लांब करून आम्हा दोघींच्या खांद्याला लावला असं मला वाटलं. मी विज्ञाननिष्ठ घरातली मुलगी आहे. तरी मी मागे वळून पाहिलं.

रिपोर्ट आले. धाकटी वाहक. मी वाहक. जावई नाही. बाळाला तो आजार होणार नाही.

मी आईला फोनवर न सांगता घरी येऊन सांगितलं. बाळ सुखरूप आहे म्हटल्यावर तिने डोळे मिटले. मग विचारलं, "अन् तुम्ही दोघी? तुमच्यात निघालं?"

"अर्धं," मी म्हटलं. "त्रास काही होत नाही. नुसतं रक्तात असतं."

"त्याच्यातलंच?"

"त्याच्यात होतं तेच."

ती माझ्या मनगटाकडे पाहत राहिली. "मंग आहे तर तो," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या पौर्णिमेला वस्तीतली एक मावशी आली होती. तीन मेणबत्त्या पाहून तिने हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला लागली. बाबा खुर्चीत बसले होते. म्हणून झाल्यावर त्यांनी सांगितलं की दोन पोरींच्या आहेत आणि एक थोरल्या पोराची. ताईताचंही सांगितलं. आवाज फाटलेला होता, वाक्य कुठे संपवायचं ते त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यांची भाषणं ऐकली, पण असं अडखळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मावशी हसली नाही. तिने विचारलं, "कितीक मोठा होता?" आणि आई सांगायला लागली.

त्याचं नाव आता मला माहीत आहे. मी ते इथे लिहीत नाही. बाबा एक पत्रक लिहायला घेतात, पहिल्या ओळीशी थांबतात आणि कागद घडी करून खिशात ठेवतात. ते नाव त्यांनी छापायचं आहे. करड्या चौकोनातली जागाही मी तोवर रिकामी ठेवली आहे. कधीकधी काम करताना तो पडदा उघडा राहतो आणि मला वाटतं, चौकोन वाट पाहतो आहे.

जात रक्तात नसते. ते मी पत्रकात वाचलं, भांडून प्रोग्रॅममधून काढलं, आणि पुन्हा कोणी घातलं तर पुन्हा काढीन. पण गेलेलं मूल रक्तात असतं. त्याची लाज वाटून आपण त्याला पुसलं, तर ते आपल्या पुढच्या मुलांशी काय बोलू पाहतं आहे ते कोणाला ऐकू जाणार नाही.

म्हणून आज घरी गेलात की आईजवळ बसा. ती नसेल तर आत्याजवळ, मावशीजवळ. 'तुला मुलं किती झाली' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. एखादं गेलं असेल, तर ते कशाने गेलं तेही विचारा. आणि घरात कोणाचं लग्न ठरत असेल, कोणाला दिवस गेले असतील, तर जे कळेल ते, ताईतासकट, उद्याच त्यांना जाऊन सांगा.